माशावर पाय ठेवलेला देव

जसोंडीचे दगा पाटील बैलगाडीत फुटक्या भांड्यांची मोड घालून आले तेव्हा गजानन ओतारी ओट्यावर नुसताच बसला होता. तीन महिने भट्टी पेटली नव्हती. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्याच्या त्या गल्लीत पूर्वी ओताऱ्यांची पाच घरं होती. दोन घरं प्लेगात संपली, दोन पोटापाण्यासाठी भुसावळला गेली, आणि गजाननचं एक उरलं. त्याची बायको गोदाबाईही प्लेगातच गेली. मुलगी मलकापूरला दिलेली, ती दिवाळीला आली तर आली. बाजारात आता पत्र्याची भांडी मुंबईहून येत, देवसुद्धा खोक्यात भरून येत. त्यामुळे दाराशी गाडी थांबून "गजाननबुवा, आहात का?" अशी हाक आली, तेव्हा कामापेक्षा त्या हाकेनंच त्याला बरं वाटलं. ही एकोणीसशे पाच सालची गोष्ट.

"महादेवाच्या देवळाला घंटा करायची आहे," पाटील म्हणाले. "साऱ्या गावाची मोड आहे ही. घरटी काही ना काही आलंय. पंधरा शेर भरली. घट जाऊन तेरा शेराची घंटा झाली पाहिजे, काय?"

"होईल की."

पाटलांच्या गड्यानं पोतं ओट्यावर उपडं केलं. फुटक्या घागरी, बूड गेलेले तांबे, वाकलेल्या पळ्या, एक बिनदांड्याची झारी. सगळ्यात शेवटी एक जड गाठोडं घरंगळत आलं. गजाननने सोडलं तर आत एक मूर्ती. दीड वीत उंचीची. दाढीवाला, अंगानं भरलेला, उघडा पुरुष. एक पाय जमिनीवर आणि दुसरा एका माशाच्या डोक्यावर. मासा असा की गजाननने कधी पाहिला नव्हता, चोचीसारख्या तोंडाचा. डावा हात कमरेवर टेकलेला, उजवा वर उगारलेला, पण तो दंडातच तुटला होता. कमरेला कुणीतरी लाल चिंधीची लंगोटी शिवून घातली होती.

"हे कुणी दिलं?"

"धुरपदाबाईनं. म्हातारी आहे एकटी. तिच्या नवऱ्याला, गिरधरला, तापीच्या वाळूत डांगराच्या वेलासाठी आळी खणताना सापडलं होतं. त्याला तीसेक वर्षं झाली. पुढच्या उन्हाळ्यात गिरधर पटकीनं गेला. तेव्हापासून गाव या मूर्तीला नावं ठेवतं. ना शंकर, ना विष्णू, अंगावर सूत नाही. आता महादेवाच्या कामी लागली म्हणजे एकदाची सुटका." पाटील गाडीत चढले. "ती तेवढी नीट वितळवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गजानन मोड निवडायला बसला. मूर्ती त्यानं प्रथम नखानं वाजवून पाहिली. असला धातू त्याच्या हातात बऱ्याच वर्षांत आला नव्हता. कांसं, आणि तेही जुनं, कथील सढळ हातानं घातलेलं. पितळेच्या मोडीत हे मिसळलं तर घंटेचा आवाज चांगला खुलणार होता. त्याला समाधान वाटलं. मग वजनाला मूर्ती हातात धरली आणि तो थांबला. आकाराच्या मानानं ती हलकी होती.

मूर्ती पोकळ होती.

घंटाही पोकळच असते. पण घंटेचं तोंड उघडं असतं, आतला मातीचा गाभा बाहेरून धरून ठेवता येतो. माणसाच्या आकृतीत गाभा चारी बाजूंनी कोंडलेला. धातूला जागा करायला गाभ्यावरचं मेण वितळवून काढलं की तो आतल्या आत अधांतरी राहायचा, आणि सरकला की एका बाजूला धातू जाड, दुसरीकडे भोक. गजाननच्या वडलांना त्याची युक्ती ठाऊक होती. ती मुलाला दाखवण्याआधीच ते वारले. गजाननने उभ्या आयुष्यात शेकडो मूर्ती केल्या, सगळ्या भरीव.

तो मूर्ती घेऊन अंगणात उन्हात बसला. आरशाच्या तुकड्यानं कवडसा धरून त्यानं तुटलेल्या दंडाच्या भोकातून आत पाहिलं. धातूची भिंत सगळीकडे सारखी होती, नाण्याएवढी जाड. बाहेरच्या अंगावर त्यानं बोट फिरवलं तेव्हा काखेखाली एक चौकोनी ठिगळ लागलं. ते इतकं बेमालूम बसवलं होतं की डोळ्याला दिसत नव्हतं. कधी काळी कुणाचं तरी ओतकाम तिथं फसलं होतं, आणि त्यानं ते असं झाकलं होतं. मग पाठीवर, मांडीवर, पोटरीवर गंजाचे बारीक चौकोनी डाग सापडले. लोखंडी खिळे. बाहेरच्या मातीतून मेण भेदून थेट गाभ्यात ठोकलेले. गाभा त्यांनीच जागच्या जागी धरून ठेवला होता.

"अरेच्चा," गजानन मोठ्यानं म्हणाला. "एवढंच होय!"

अंगणात ऐकायला कुणी नव्हतं. पलीकडच्या आळीत मोमिनांचे माग खटखट चालले होते.

पुन्हा आत पाहताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. भिंतीच्या आतल्या अंगावर, छातीच्या खोलगटात, मेण दाबताना उमटलेले बोटांचे ठसे धातूत तसेच उतरले होते. अगदी रेषांसकट. बोटं लहान होती. त्याच्या करंगळीहून बारीक. त्याच्या घरात मेणाचं काम नेहमी गोदाच करायची. तिचा हात थंड असे, मेण तिच्या बोटाला चिकटत नसे. कुणाची बोटं, कुठल्या मुलखातली, किती वर्षांपूर्वीची, त्याला काही कळण्याजोगं नव्हतं. पण हे वितळवणं आपल्याच्यानं होणार नाही, एवढं त्याला त्या दुपारी कळून चुकलं.

घंटेचा साचा मात्र त्यानं वेळेवर तयार केला. गाभा वळला, वर मेण चढवलं, वर माती लिंपली. सकाळी सकाळी भाता ओढायला कडू आला. हा शेजारचा भोई होता, भट्टी लागली की गजानन त्यालाच बोलवायचा. मोड मुशीत जाऊ लागली. मूर्तीएवढं वजन कमी होतं. गजानन घरात गेला. फळीवर गोदाबाईचा हंडा, घागर आणि परात पालथी घातलेली होती. तीन वर्षांत त्यानं ती खाली काढली नव्हती. एकट्याच्या खिचडीला लहान पातेलं पुरत होतं. हंडा उचलला तर आत कोळ्यानं जाळं केलं होतं. ते त्यानं हातानं पुसलं, आणि तिन्ही भांडी बाहेर आणून घणानं फोडली.

कडूनं भाता थांबवला. "काकूचा हंडा ना हा?"

"हो."

"मग?"

"मोड कमी पडली. ओढ तू."

कडूनं पुन्हा भाता ओढायला घेतला. हंडा हळूहळू मुशीत खाली बसत गेला.

घंटा बसवण्याच्या दिवशी जसोंडीला पूजा झाली, जेवणं झाली. दगा पाटलांनी पहिला टोल दिला. गजाननने मान खाली घातली. खणखणीत सुरू झालेला आवाज लगेच बसला, पडसं झालेल्या माणसाच्या घशासारखा.

"जरा बसका नाही वाटत?" पाटलांनी विचारलं.

"नवी आहे. वापरून सुटेल."

"सुटेल ना?" पाटील म्हणाले, पण चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलेलं गजाननला दिसलं. ओताऱ्याचा हात गेला, असं ते परत जाताना बोलणार होते आणि त्यात त्यांचं चुकतही नव्हतं.

गर्दी पांगल्यावर तो पायांत जोडे घालत असताना एक वाळकी म्हातारी मंडपात आली. घंटा तिच्या हातापेक्षा बरीच वर होती. तिनं काठी उचलून घंटेच्या कडेला हलकेच लावली, वाजवण्यासाठी नव्हे, नुसती टेकवली. मग तिनं गजाननकडे वळून पाहिलं.

"तुमीच ना ओतारीबुवा?"

"हो, बाई."

"मी धुरपदा. त्याले लई तरास झाला का हो, वितळताना?"

गजानन जोडा घालायला वाकला. "नाही," तो म्हणाला. "लगेच होतं ते."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली.

राजपुऱ्याला तो पायीच परतला. पाटील गाडी जोडतो म्हणाले तरी त्यानं ऐकलं नाही.

पुढचे चार-पाच महिने त्यानं मूर्ती आतल्या खोलीत ठेवली. रोज दुपारी बाहेर काढायची, बघायची. तिच्यावरून त्यानं खिळ्यांनी गाभा धरायचा प्रयोग करून पाहिला. पहिला फसला, दुसराही फसला, तिसऱ्या वेळी पालथ्या मुठीएवढा एक पोकळ हत्ती साच्यातून अखंड निघाला. भिंत सगळीकडे सारखी. त्याला इतका आनंद झाला की तो तसाच हत्ती घेऊन गल्लीत आला. कडू ओट्यावर जाळं विणत होता.

"बघ, पोकळ आहे."

कडूनं हत्ती हातात घेतला, हलवला, परत दिला. "हलका आहे की. गिऱ्हाईक जास्त घेतील का?"

"तसं नाही रे." यापुढं काय सांगावं ते गजाननला सुचेना. ज्याला ते कळलं असतं असं एकही माणूस आता बुऱ्हाणपुरात उरलं नव्हतं. तो घरात आला आणि हत्ती मूर्तीशेजारी ठेवून बसून राहिला.

हिवाळ्यात दत्तात्रय मास्तर समईचा पाय सांधून घ्यायला आले. ते शाळेत इंग्रजी शिकवत. गजाननला मूर्ती झाकायला सवड झाली नाही. मास्तर तिच्यापाशी उकिडवे बसले आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

"गजाननराव, ही कुठून आली?"

"जुनी आहे. तापीत सापडलेली."

"मी याचं चित्र पाहिलंय पुस्तकात. हा यवनांचा देव. ग्रीक लोकांचा. पोसायडन म्हणतात याला. समुद्राचा देव. हा मासा समुद्रातला, आणि या हातात त्रिशूळ असणार."

"त्रिशूळ? म्हणजे महादेवच की."

"नाही, नाही. याचा त्रिशूळ मासे मारायचा." मास्तर हसले. मग एकदम गंभीर झाले. "दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी, गलबतातून भडोच बंदरात आला असेल, तिथून व्यापाऱ्यांबरोबर आत. असं घरात ठेवू नका. नागपूरला अजबबंगला आहे सरकारचा, जुन्या वस्तू ठेवायचा, तिथं पाठवू. तहसिलीत मी बोलतो."

"माझा नाही हो तो," गजानन घाईनं म्हणाला. "मालकाला विचारावं लागेल."

मास्तर दोनदा पुन्हा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यानं तेच उत्तर दिलं. मालकाला त्यानं विचारलं नाही.

विचारायची वेळ मालकानंच आणली. माघातल्या एका बाजारच्या दिवशी धुरपदाबाई दारात उभी राहिली. जसोंडीहून चालत आली होती. पायऱ्या चढतानाच तिला धाप लागली. गजाननने पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "एक काम व्हतं. घंटा लई उंच बांधली पाटलानं. तिच्या आतल्या लोळीले एक साखळी लावून द्या ना भाऊ. खाली येईल अशी. माह्या हातात येईल अशी. पाटलाले म्हनलं तं ते हसले."

"तुम्ही रोज जाता देवळात?"

"रोज जाते. दोन घडी बसते त्याच्यापाशी. घरी बी बोलायची मी त्याच्यासंगं, तीस वर्सं बोलली. आता तिथं जाऊन बोलते. मानसं म्हनतात म्हातारी येडी झाली."

गजानन उठला. आतल्या खोलीत गेला, आणि तिथं बराच वेळ नुसता उभा राहिला. मग त्यानं मूर्ती उचलून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

धुरपदाबाईनं हात पुढं केला, मागं घेतला. मग पदरानं त्या दाढीवाल्या तोंडावरची धूळ पुसली. लंगोटी सरळ केली.

"तुमी खोटं बोलले मले. देवळात."

"हो."

"काहून?"

गजाननने सांगितलं. ठिगळाचं, खिळ्यांचं, आतल्या बोटांचं, सगळं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं मध्ये तोंड घातलं नाही. इतकं बोलणं त्यानं कित्येक दिवसांत केलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याला थकल्यासारखं झालं.

"मंग घंटेत काय घातलं तुमी?"

"माझ्या बायकोचा हंडा. घागर होती एक, परात होती."

"म्हंजे इतके दिस मी तिच्यासंगं बोलली?"

"तसंच म्हणायचं."

"नाव काय व्हतं तिचं?"

"गोदा."

म्हातारीनं मान हलवली. "ऐकून घेत व्हती बिचारी," ती म्हणाली.

गजाननने तोंड फिरवलं. मूर्ती तिच्याकडे सरकवत तो म्हणाला, "तुमचा आहे हा. घेऊन जा. घरापर्यंत मी आणून देतो."

"नको." ती झटकन म्हणाली. "मी काहून देल्ला व्हता, ठावं आहे? पाटलाच्या भेवानं नाही. माह्यामागं कोन आहे? मी गेली का घर झाडतीन आन् त्याले उकिरड्यावर फेकतीन. घंटेत गेला तं रोज कोनी ना कोनी हात लावीन, असं वाटलं मले. चार मानसांत राहीन."

मास्तरांचं बोलणं गजाननच्या ओठांवर आलं. ते गिळून टाकणं सोपं होतं. म्हातारी आली तशी निघून गेली असती, मूर्ती इथंच राहिली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. त्यानं समोर पाहिलं. ती माशाच्या डोक्यावरून बोट फिरवत होती.

"नागपूरला अजबबंगला आहे," तो म्हणाला. "मास्तर म्हणतात तिथं धाडू. काचेच्या कपाटात ठेवतात."

"तिथं मानसं येतात?"

"येतात म्हणे. खेड्यापाड्यांतून. जत्रेसारखी."

"मंग धाडा."

"मी ठेवतो की त्याला. रोज बघतो मी. नीट ठेवतो."

धुरपदाबाईनं त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुमी बी म्हातारे, भाऊ," ती म्हणाली.

फाल्गुनात मूर्ती निघाली. सरकीचा कापूस भरलेल्या खोक्यात ती ठेवली. लंगोटी काढायला हवी असं मास्तर म्हणाले, धुरपदाबाई नको म्हणाली, आणि मास्तरांनी ते सोडून दिलं. बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर दुपारच्या गाडीला तहसिलीचा शिपाई खोकं घेऊन बसला. फलाटावर कडुलिंबाखाली हे तिघं उभे होते.

"मास्तर," धुरपदाबाईनं विचारलं, "हा समुद्राचा देव म्हनतात तुमी. मंग नागपूरले समुद्र आहे का?"

"नाही हो बाई. समुद्र मुंबईकडे. नागपूर अगदी उलट बाजूला."

"म्हंजे अजून लांब?"

मास्तरांनी रुळांकडे हात केला. "भुसावळपर्यंत गाडी मुंबईच्याच अंगानं जाते. तिथं बदलून मग नागपूरकडे वळते."

"भुसावळपर्यंत तं जाईन ना," म्हातारी म्हणाली. "तेवढं तं तेवढं."

गाडी सुटली. बाहेर आल्यावर मास्तरांना टांगा मिळाला. हे दोघं वाट फुटेपर्यंत बरोबर चालले. पुढच्या बाजाराला येते, असं धुरपदाबाई म्हणाली आणि आलीही. त्यानंतरही दोनदा आली. ओट्यावर बसायची, पाणी प्यायची. त्यानं घंटेची साखळी करून दिली, ती कडूनं जाऊन लावली. बोलायला दोघांकडे फारसं नसे. मूर्तीच्या जागेवर पोकळ हत्ती एकटाच होता. तो तिनं हातात घेऊन पाहिला आणि "बरा आहे" म्हणाली. ती गेली की गजानन गल्लीच्या टोकापर्यंत तिच्या पाठमोऱ्या काठीकडे बघत राही. मग पाऊस सुरू झाला आणि ती दिसेनाशी झाली. श्रावणात कडू जसोंडीकडे गेला होता, त्यानं येऊन सांगितलं की म्हातारीला जाऊन आठ दिवस झाले.

दसऱ्यानंतर मास्तरांनी एक कागद वाचून दाखवला. नागपूरहून आला होता. मूर्ती पोचली, तिला नंबर पडला, आभार.

"माणसं बघायला येतात, असं लिहिलंय का?"

मास्तरांनी कागद उलटून पाहिला. "तसं नाही लिहिलेलं, गजाननराव."

मार्गशीर्षात गजाननने भाकरी बांधून घेतल्या आणि तो गाडीत बसला. भुसावळला गाडी बदलली, रात्रभर प्रवास करून सकाळी नागपूरला उतरला, आणि विचारत विचारत अजबबंगल्यात पोचला. मूर्ती कोपऱ्यातल्या कपाटात खालच्या फळीवर होती. लंगोटी काढलेली होती. खाली इंग्रजी अक्षरांची चिठ्ठी. समोर एक बाक होता, त्यावर तो बसला.

माणसं येत होती खरी. पण येत ती भुसा भरलेल्या वाघाकडे. वाघापाशी गर्दी, हसणं, पोरांचं घाबरणं. तिथून निघालेली माणसं या कपाटाकडे वळून न बघता पुढच्या दालनात जात. एका तरुणानं काचेत आपला फेटा नीट केला. दोन कॉलेजची मुलं चिठ्ठी वाचून गेली. दुपारी गजाननने बाहेर जाऊन भाकरी खाल्ली आणि परत येऊन बसला. उन्हं उतरायला लागली तेव्हा एक बाई आली. बरोबरची माणसं पुढं गेली तरी ती कपाटापाशी थांबली, वाकली, काचेला कपाळ लावून बघत राहिली. तिच्या हातात रिकामी दुरडी होती.

त्याला वाटलं, उठावं आणि सांगावं. काखेखाली ठिगळ आहे, म्हणावं. याला तीस वर्षं एका बाईनं सांभाळला, ती याच्याशी बोलायची, म्हणावं. तो बाकावरून अर्धा उठला. तेवढ्यात बाईला कुणीतरी हाक मारली आणि ती लगबगीनं गेली.

पट्टेवाला खिडक्या लावत आला. "बुवा, चला आता. बंद करायचं आहे."

"उद्या किती वाजता उघडतं?"

"उद्या सुट्टी."

गजाननने काचेवर त्या बाईच्या कपाळाचा उमटलेला डाग पाहिला. तो बोटानं पुसावा की राहू द्यावा, हे त्याला ठरवता येईना. पट्टेवाला दाराशी किल्ल्या वाजवत उभा होता. गजानन बाहेर आला आणि त्यानं स्टेशनची वाट विचारली.